पेशींचं घड्याळ

पद्मजा मगदूम मिरजेच्या एसटी आगारात विजेच्या गाड्यांच्या चार्जिंगचं काम बघायची. कोणती गाडी कधी खांबाला लावायची, कोणती अर्ध्या बॅटरीवर सोडली तरी चालेल, हे तिनं ठरवायचं. २०३९ सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. मंगळवारी सकाळी ती जतची गाडी सोडत होती, तेवढ्यात धाकट्या बहिणीचा, त्रिशलाचा, सांगलीहून फोन आला.

"अक्का, जुई उठत नाही गं. डोळेच उघडंना झालीय. मान लाकडासारखी ताठ झालीय. आम्ही मिरजेला निघालोय. तू ये की लगेच."

पद्मजानं हातातलं काम शेजारच्याला दिलं आणि रिक्षा धरली.

जुई त्रिशलाची एकुलती एक मुलगी, पाच वर्षांची. पद्मजाला मूल नव्हतं. पहिली काही वर्षं तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, अभिनंदननं, औषधपाणी केलं, मग दोघांनीही तो विषय सोडून दिला. जुई जन्मली आणि दर शनिवार-रविवार मावशीकडे राहायला लागली, तेव्हा घरात त्या विषयाची आठवणही कुणी काढेना. जुईचा टूथब्रश मावशीकडे होता, चपला होत्या, स्वतःची उशी होती. शेजारच्या आवटीकाकू त्या दोघींना बघून म्हणायच्या, "माय मरो, मावशी जगो म्हणतात ते काय खोटं नाही बघ." त्रिशलासुद्धा त्यावर हसायची.

त्या आठवड्यातही जुई मावशीकडेच होती. त्रिशला हळद निर्यात करणाऱ्या एका कंपनीत गुणवत्ता तपासणीचं काम करायची. सोमवारी परदेशी खरेदीदार यायचे होते, त्याच्या तयारीसाठी ती दोन दिवस पुण्याला गेली होती. रविवारी संध्याकाळी परतताना तिनं जुईला मावशीकडून उचललं आणि घरी नेलं.

मुलांच्या रुग्णालयात पद्मजा पोचली तेव्हा जुईला आत घेतलं होतं. त्रिशला आणि तिचा नवरा श्रेणिक अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभे होते. श्रेणिकचं सांगलीत घराच्या खालीच चष्म्यांचं दुकान होतं. तो दुकानातल्या सपातांवरच आला होता.

थोड्या वेळानं डॉक्टर निलोफर मुजावर बाहेर आल्या. विभाग त्यांच्याच हाताखाली होता. त्यांनी फिरवाफिरव केली नाही.

"मेंदूज्वर आहे. जंतूंमुळे झालेला, आणि जोरात झालेला. लस घेतलेली आहे, पण हा त्या लशीत नसलेल्या जातीचा जंतू आहे. प्रतिजैविक सुरू केलंय. आता एक महत्त्वाचा प्रश्न आहे. हे कधी सुरू झालं?"

"काल ताप होता," त्रिशला म्हणाली. "सकाळी जरा कणकण होती. तापाचं औषध दिलं. शाळेत सगळ्यांनाच व्हायरल चाललंय..."

"ठीक आहे. तुमच्या सांगण्यावर मी अवलंबून राहणार नाही. रक्ताचा आणि पाठीतल्या पाण्याचा थेंब घेतलाय. घड्याळ लावलंय."

घड्याळ म्हणजे काय, ते तेव्हा मिरजेत फारसं कुणाला माहीत नव्हतं. रुग्णालयात ते यंत्र येऊन वर्ष झालं होतं.

मेंदूज्वरात मुलाची हानी एकटे जंतू करत नाहीत. जंतूंना मारायला धावून आलेलं शरीराचं स्वतःचं सैन्यच आधी दाणादाण उडवतं. मेंदूभोवतीच्या पातळ आवरणांत हे सैन्य शिरतं, आणि चोराला पकडायला आलेल्यांनी घरच पेटवून द्यावं तसं होतं. मूल जगलं तरी कान जातात, पाय जातो, बुद्धी मंदावते. या सैन्याला आवरणारं एक औषध काही वर्षांपूर्वी निघालं होतं. डॉक्टर मंडळी त्याला आपसात 'लगाम' म्हणत. आजाराच्या पहिल्या टप्प्यात लगाम दिला की बहुतेक मुलांचे कान वाचत. पण टप्पा उलटून गेल्यावर दिला तर तोच जीव घेई. कारण तोवर सैन्य थकलेलं असतं, आणि थकलेल्यांना लगाम घातला की जंतूंना रान मोकळं होतं.

म्हणून आजार कधी सुरू झाला हे नेमकं कळणं गरजेचं होतं, आणि घाबरलेल्या आईबापांना ते नेमकं कधीच सांगता येत नसे. घड्याळ ते पेशींना विचारी. रक्तातली एकेक पांढरी पेशी केसाहून बारीक नळीतून पुढे सरके आणि यंत्र तिच्या आत काय चाललंय ते वाची. आजार चढतो तशा या पेशी ठरलेल्या क्रमानं बदलतात. आधी तयार शिपाई संपतात आणि हाडांतला मगज मिसरूडही न फुटलेले, अर्धेकच्चे शिपाई रक्तात पाठवायला लागतो. मग ज्या पेशी शत्रूचे तुकडे अंगावर निशाणासारखे मिरवून इतरांना ओळख पटवून देतात, त्या आपली निशाणं खाली ठेवतात. शेवटी ज्यांनी शत्रूला कायमचं लक्षात ठेवायचं, त्या पेशी थकतात, आणि त्यांतल्या कितीतरी आपण होऊन मरतात. झाडावर मोहोर आहे की कैरी, यावरून बागवान महिना सांगतो, तसं हे यंत्र आजाराचं वय सांगे.

जुईच्या पेशींनी वय सांगितलं. डॉक्टर मुजावर पुन्हा बाहेर आल्या तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता.

"रविवारी दुपारीच सुरू झालंय. पेशी फार पुढे गेल्यात. लगाम आता देता येणार नाही. जीव वाचवायचा प्रयत्न करतोय. बाकीचं मी आत्ता काही सांगू शकत नाही."

"रविवारी दुपारी?" त्रिशला म्हणाली. तिनं मान वळवून बहिणीकडे बघितलं. "अक्का? रविवारी दुपारी काय झालं होतं?"

पद्मजाला खोटं सुचलं नाही. सुचलं असतं तरी ती बोलली नसती.

"जेवण झाल्यावर कान दुखतो म्हणाली. मागच्या आठवड्यात सर्दी झालेली ना, तिचंच असेल म्हटलं. गरम फडक्यानं शेकलं आणि निजवलं. उठल्यावर चांगली होती गं. शिरा खाल्ला. मग उड्या मारत होती..."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू गाडीतून उतरलीसुद्धा नाहीस, त्रिशू. घाईत होतीस. आणि पोरगी बरी दिसत होती."

"बरी दिसत होती! तिच्या मेंदूत जंतू शिरलेले आणि तुला बरी दिसत होती?"

"त्रिशला, हळू," श्रेणिक पुटपुटला. पण तो पुटपुटला फक्त. पुढं आला नाही.

"स्वतःचं पोर असतं तर कळलं असतं तुला," त्रिशला म्हणाली.

पद्मजा भिंतीला टेकून उभी राहिली. तिला रडू आलं नाही. एवढंच वाटलं, की हे वाक्य त्रिशलाकडे आधीपासून होतं. आज बाहेर पडलं.

जुई वाचली. पुढच्या आठवड्यात तिनं डोळे उघडले. परिचारिकेनं तिच्या उशाशी ट्रे आपटला, तरी तिनं मान वळवली नाही. दोन्ही कान गेले होते. कानातल्या शंखाचं आत हाड झालं होतं, त्यामुळं नवीन यंत्रं बसवूनही फार काही साधणार नव्हतं. डावा पाय जरासा ओढत राहिला.

पद्मजा रोज रुग्णालयात जायची आणि बाहेर बसून परत यायची. त्रिशलानं परिचारिकांना सांगून ठेवलं होतं, माझ्या बहिणीला आत सोडायचं नाही. एकदा डॉक्टर मुजावर बाहेर पडताना पद्मजानं त्यांना गाठलं.

"डॉक्टर, एक विचारू? ते घड्याळ चुकतं का कधी?"

निलोफर मुजावर तेव्हा चाळिशीच्या होत्या. दिवसभर उभ्या राहून पाय सुजलेले असायचे. त्या थांबल्या. "तासा-दोन तासांनी चुकेल. दिवसानं नाही. पण तुमचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. रविवारी दुपारी कुठल्याही डॉक्टरनं तिला सर्दीचंच औषध दिलं असतं."

त्यांनी धीर द्यायला म्हटलं. पद्मजानं त्यातलं फक्त 'दिवसानं नाही' एवढंच घरी नेलं.

*

चार वर्षं गेली.

पद्मजाच्या घरात ती रविवार दुपार रोज यायची. भांडी घासताना, खांबाला गाडी लावताना, जैन मंदिरात हात जोडून उभी असताना. कान दुखतो म्हणाली तेव्हा अंगाला हात लावून बघितला होता का? बघितला होता. गरम होतं का? नव्हतं. की होतं? पहिल्या वर्षी तिला खात्री होती, अंग गार होतं. दुसऱ्या वर्षी वाटायला लागलं, जरा कोमट असेल. तिसऱ्या वर्षी तिला स्पष्ट आठवायला लागलं, की जुईचं कपाळ तापलं होतं आणि आपण मुद्दाम दुर्लक्ष केलं, कारण तिला लवकर पाठवावं लागलं असतं. असं काही घडलं नव्हतं. पण यंत्र म्हणतंय म्हटल्यावर आठवणही यंत्राच्या बाजूनं साक्ष द्यायला लागली.

"पुरे कर आता," अभिनंदन म्हणायचा. "झालं ते झालं."

'झालं ते झालं' म्हणजे आपल्या हातून झालं, असंच तो मानतो, हे तिला कळायचं. तोही मुद्दाम मानत नव्हता. घड्याळाशी वाद कसा घालणार?

सणावारी त्रिशलाकडे जाणं बंद झालं. आईनं दोघींना जोडायचा एकदा प्रयत्न केला, मग तीही धाकटीकडेच राहायला गेली, कारण तिकडं गरज होती. आवटीकाकूंनी ती म्हण पुन्हा उच्चारली नाही. मिरजेत बहुतेकांना ठाऊक होतं की मगदुमांच्या सुनेकडं पोरगी होती तेव्हा दुखणं लागलं.

हे एकट्या पद्मजाच्या घरात घडत नव्हतं. घड्याळ गावोगावच्या रुग्णालयांत गेलं होतं, आणि दरेक ठिकाणी उपचाराआधी ते एक वेळ सांगायचं. त्या वेळेला मूल कुणाच्या हाती होतं, हे घरच्यांना लगेच आठवायचं. कुठं आजी होती, कुठं पाळणाघरातली बाई, कुठं रात्रपाळी करून झोपलेला बाप. पूर्वी माणसं 'नशीब' म्हणून गप्प बसायची. आता गप्प बसायची सोय राहिली नव्हती.

मग एका दुपारी डॉक्टर मुजावर स्वतः आगारात आल्या. पद्मजानं त्यांना ओळखलंच नाही. केस पिकले होते, चष्मा लागला होता. दोघी कँटीनच्या कोपऱ्यात बसल्या. चहा आला, त्याला कुणी हात लावला नाही.

"तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता," डॉक्टर म्हणाल्या. "मी उत्तर दिलं होतं. ते उत्तर चूक होतं."

पद्मजा पुढं सरकून बसली.

"घड्याळ बनवलं तेव्हा ज्या मुलांच्या पेशी वाचून ते शिकवलं, ती मुलं थंड देशांतली होती. धडधाकट. वर्षातून एखादं दुखणं. आपल्याकडची मुलं तशी नाहीत. महिन्या-दोन महिन्यांनी सर्दी, पोट, कान, काही ना काही चालू असतं. त्यांच्या पेशी आधीच अर्ध्या जाग्या असतात आणि अर्ध्या दमलेल्या. मेंदूज्वर सुरू होतो तेव्हा शून्यापासून सुरू होत नाही. घड्याळ आधीपासूनच पुढं असतं. यंत्रानं जुन्या सर्दीचा शीणही नव्या दुखण्याच्या खात्यावर धरला."

"म्हणजे?"

"आता आपल्या मुलांवरून नवीन मोजमाप बसवलंय. जुन्या मुलांच्या पेशींचे आकडे आमच्याकडे होते, ते मी पुन्हा लावून बघितले. सगळ्या मुलांचे. जुईचं दुखणं रविवारी सुरू झालंच नव्हतं. रविवारचं कान दुखणं त्या सर्दीचंच होतं. मेंदूज्वर सोमवारी सुरू झाला. सकाळी."

पद्मजानं टेबलाची कड धरली. बाहेर कुठलीशी गाडी मागं घेताना कर्कश शिट्टी वाजत होती. ती थांबेपर्यंत पद्मजा तशीच बसून राहिली.

"मग लगाम?" तिनं विचारलं.

"देता आला असता." डॉक्टरांनी मान खाली घातली नाही. "द्यायला हवा होता. मंगळवारी सकाळी ती वेळेत आली होती. कान वाचलेच असते असं मी म्हणत नाही, पण दहातल्या सात मुलांचे वाचतात."

"त्रिशलाला सांगितलंत?"

"रुग्णालयाच्या समितीनं ठरवलंय की जुन्या घरांना कळवायचं नाही. नवं मोजमाप वापरायचं, मागचं उकरायचं नाही. म्हणे त्यानं कुणाचेच कान परत येत नाहीत. मी सही केली नाही, पण माझं एकटीचं चाललं नाही. तुम्ही तर कागदोपत्री जुईच्या घरच्या नाही. म्हणून तुमच्याकडं आले. तुम्हाला काय करायचं ते तुम्ही ठरवा. माझं नाव घ्या, हरकत नाही."

त्या गेल्यावर पद्मजा शौचालयात जाऊन रडली. चार वर्षांत पहिल्यांदा. रडताना तिला जे वाटत होतं त्याला आनंदच म्हणावं लागेल, आणि त्याची तिला लाज वाटली नाही.

अभिनंदनला तिनं सांगितलं. तो म्हणाला, "तू जाणार."

"जाऊ नको?"

"तसं नाही. पण काय घेऊन चाललीयेस ते बघ एकदा."

"खरं घेऊन चाललेय," ती म्हणाली. "माझ्यावरचं काढून टाकायला चाललेय. एवढाही हक्क नाही का मला?"

अभिनंदननं मान हलवली. पण तो बरोबर गेला नाही.

*

सांगलीच्या घराचं दार श्रेणिकनं उघडलं. तो गोंधळला, पण "या, अक्का," म्हणाला. आई माधवनगरला भाच्याकडे गेली होती. त्रिशला स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दारातच थांबली.

आणि पद्मजानं चार वर्षांनी जुईला जवळून बघितलं. नऊ वर्षांची, सडपातळ, दोन घट्ट वेण्या. कोपऱ्यातल्या टेबलाशी चित्र रंगवत होती. डोळ्यांवर जाड काड्यांचा चष्मा होता. श्रेणिकच्या दुकानात असे चष्मे हल्ली खूप खपत. आसपास कुणी बोललं की त्या बोलण्याची अक्षरं काचेच्या खालच्या बाजूला उमटत, आणि बहिऱ्या माणसाला ती वाचता येत.

"काय काम होतं?" त्रिशलानं विचारलं.

पद्मजानं सांगितलं. घरून ठरवून आली होती तसं, नीट, एकामागून एक. डॉक्टर मुजावर, थंड देशांतली मुलं, अर्ध्या जाग्या पेशी. रविवार नाही, सोमवार. मग तिनं तेही सांगितलं जे तिच्या मते बहिणीला दिलासा देणार होतं.

"तू वेळेत आणलंस तिला, त्रिशू. चूक तुझी नाही, माझीही नाही. यंत्र चुकलं. औषध द्यायला हवं होतं, त्यांनी दिलं नाही."

त्रिशला खुर्चीवर बसली. पुढचं तिनं काहीच ऐकलं नव्हतं.

"सोमवारी सकाळी," ती म्हणाली. "म्हणजे माझ्या घरात."

"अगं, कुणाच्या घरात हा प्रश्नच नाही..."

"चार वर्षं हाच प्रश्न होता!" तिचा आवाज चढला. "आता तुझ्या अंगावरनं निघालं म्हणून प्रश्नच नाही होय? काय करू मी हे घेऊन? सांग ना. तू मोकळी झालीस. मी काय करू?"

"मी तुला दोष द्यायला आले नाही."

"मग कशाला आलीस? माफ करायला? मला ताप दिसला होता, अक्का. कपाळ भाजत होतं. माझे ते खरेदीदार यायचे होते, मी औषध पाजलं आणि गेले. रात्री आले तेव्हा झोपली होती, बरं वाटलं मला की झोपलीय. रविवारीच झालेलं असेल तर सोमवारी मी काही केलं असतं तरी फरक पडला नसता. त्याच्यावर मी जगत होते. कळतंय का तुला?"

पद्मजाला कळलं. इतका वेळ तिला वाटत होतं की बहिणीनं तिचा द्वेष केला. बहिणीनं तिला उशीसारखं डोक्याखाली घेतलं होतं.

"जुनं यंत्र चुकलं, तर नवं कशावरून बरोबर?" त्रिशला म्हणाली. "पहिलंच खरं असेल. रविवारचंच."

"सोमवारी मी आईला सांगितलं होतं."

तिघांनीही वळून बघितलं. जुई उभी राहिली होती. हातात ब्रश तसाच. आपलाच आवाज ऐकू येत नसल्यानं ती सपाट आणि मोठ्यानं बोलायची, एकेक शब्द वेगळा काढून.

"उजेड टोचतो म्हणून सांगितलं होतं. आईनं पडदा ओढला. मग पप्पा आले. त्यांना पण सांगितलं. ते म्हणाले झोप."

खोलीत कुणी बोललं नाही, म्हणून तिच्या चष्म्यावर अक्षरं उमटली नाहीत. ती वाट बघत राहिली. तिनं तक्रार केली नव्हती. मोठी माणसं कुठला दिवस ते शोधत होती आणि तिला तो माहीत होता, म्हणून तिनं सांगितला.

त्रिशला उठून आत गेली. दार लागलं.

"अक्का, तुम्ही आता जा," श्रेणिक म्हणाला.

पद्मजा जुईजवळ गेली. जवळ घ्यावं की नको, ते तिला ठरवता येईना. जुई तिच्याकडे बघत होती, अनोळखी पाहुण्याकडे बघावं तशी. "तुम्ही मावशी ना?" ती म्हणाली. "फोटोत बघितलंय."

*

महिन्याभरानं श्रेणिक आगारात आला. दाढी वाढली होती. पद्मजा खांबांच्या रांगेशी उभी होती, तिथंच तो आला.

"त्रिशलानं नोकरी सोडली," त्यानं सांगितलं. "दिवसभर जुईला समोर बसवून विचारत बसते. आणखी काय म्हणाली होतीस? डोकं दुखतं म्हणाली होतीस का? पाणी मागितलं होतंस का? पोरगी आधी आठवून सांगायची. आता आईला हवं असेल असं काहीबाही सांगते. गेल्या आठवड्यापासून चष्माच घालत नाही घरात. काय बोलायचं ते लिहून दाखवावं लागतं, आणि ती कागद बघत नाही."

"डॉक्टरांकडं नेलंत का त्रिशलाला?"

"येत नाही. अक्का..." तो थांबला. गाड्यांकडे बघत म्हणाला, "तुम्ही येऊन एवढंच सांगा, की डॉक्टर मुजावर चुकल्या. पुन्हा तपासलं, नवं मोजमापही चुकीचं निघालं. दुखणं रविवारीच सुरू झालं होतं. ती तुमच्याकडनं ऐकेल. तिला ते ऐकायचंच आहे."

"म्हणजे मी माझ्या अंगावर परत घेऊ."

"तुम्हाला सवय... तसं नाही म्हणायचं मला. पण आधी एक घर जळत होतं अक्का, आता आमचं जळतंय. आणि आमच्या घरात लहान पोर आहे."

पद्मजानं त्याच्याकडे नीट बघितलं. "श्रेणिकराव, रुग्णालयात ती मला बोलली तेव्हा तुम्ही तिथंच होता. उजेड टोचतो म्हणून पोरीनं तुम्हालाही सांगितलेलं. तुम्हाला सोमवार माहीत होता. एक शब्द बोलला नाहीत."

त्याचे ओठ हलले. "यंत्र रविवार म्हणत होतं," तो म्हणाला.

"हो. यंत्र म्हणत होतं."

"जुईसाठी तरी."

"जुईसाठीच नाही म्हणते," पद्मजा म्हणाली. "त्या घरात ती एकटी खरं बोलली. मी येऊन रविवार म्हटलं की तिचं बोलणं खोटं पडेल. मग तिला स्वतःच्या आठवणीवरसुद्धा भरवसा राहणार नाही. ते कसं असतं, मला माहीत आहे."

श्रेणिक वळला आणि फाटकाकडे चालू लागला. विट्याची गाडी आत येत होती, तिला वाट द्यायला तो बाजूला सरकला, आणि मग दिसेनासा झाला.

तिनं सांगितलेलं कारण खरं होतं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण तेवढंच कारण नव्हतं, अंगावरून उतरलेलं तिला परत घ्यायचंही नव्हतं, हेही तिला उभ्या जागी कळत होतं. तिनं गाडी खांबाला लावायची खूण केली आणि चालक उतरेपर्यंत तिथंच थांबली.